पत्र्याची कारखान्यात बनलेली घरं एवढी भारी होती, तर ज्याँ प्रूव्हे या फ्रेंच आर्किटेक्टचा धंदा का बसला, असं तुम्ही विचारलंत.

तुम्ही त्याला आर्किटेक्ट म्हणालात, पण ती पदवी त्याच्याकडे नव्हती. तो लोहारकाम शिकलेला माणूस. १९२४ला फ्रान्समधल्या नान्सी शहरात त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मी फॅब्रिकेशनवाला, त्यामुळे मला तो जरा जास्तच जवळचा.

त्याचा सगळा जीव घडीत. पातळ पत्रा उचलला की लुळा पडतो. त्यालाच प्रेसवर दोन घड्या मारा, वजन घ्यायला लागतो. मोटारी अशा बनतात, मग घरं का नकोत? दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्या लोकांसाठी त्याने ६ बाय ६ मीटरची घरं काढली: मधोमध घडीच्या पत्र्याची दुपायी चौकट, तिच्यावर आढं, भोवती लाकडी पॅनेल. मोजक्या माणसांनी दिवसभरात उभं करायचं, नको झालं की उलगडायचं.

१९४७ला नान्सीजवळच्या माक्सेव्हिलचा त्याचा कारखाना आला. तिथून आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींसाठी अ‍ॅल्युमिनियमची घरं निघाली. सुटे भाग विमानातून न्यायचे. छप्पर दुहेरी, मधल्या पोकळीतली गरम हवा वरून बाहेर. पत्र्याखाली मे महिना काढलेल्यालाच याची किंमत कळेल! पण १९४९ला नायजरमधल्या निआमेला एक आणि १९५१ला काँगोमधल्या ब्राझाव्हिलला दोन, एवढीच उभी राहिली. तिथल्या बांधकामापेक्षा ती स्वस्त पडेनात, आणि साहेबलोकांना ते कारखानी रूपडं रुचेना. (त्यातलंच एक २००७ला न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास ५० लाख डॉलरला गेलं, ही वेगळी गंमत.)

माझ्या मते घरात खोट नव्हती, ऑर्डरी नव्हत्या. आमच्या धंद्यात नग शेकड्याने निघाले तरच मशीन परवडतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम कंपनीने पैसा घातला आणि कारखान्यावर तिचा ताबा बसला. डिझाइन आणि काम एकाच छपराखाली हवं, हा त्याचा हट्ट. तोच मोडला, तेव्हा १९५३ला तो बाहेर पडला.

पुढे पॅरिसमध्ये त्याने शिकवलं, १९७१ला तिथल्याच पाँपिदू सेंटर या कलाकेंद्राच्या इमारतीचं डिझाइन निवडायच्या स्पर्धेत परीक्षकांचा अध्यक्षही झाला. पण मला त्याचं १९५४चं काम आवडतं. नान्सीतल्या तीव्र उतारावर, जिथे कोणी बांधायला धजत नव्हतं, तिथे त्याने कारखान्यातला उरलासुरला माल गोळा केला आणि घरच्यांना, मित्रांना हाताशी धरून स्वतःचं लांबट घर उभारलं. गोल काचेच्या खिडक्यांची ती अ‍ॅल्युमिनियमची पॅनेल तिथे अजून आहेत.