लग्न लावून दिलं तर सुटेल का?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही भुसावळला राहतो. मिस्टर रेल्वेतून रिटायर झालेत. मुलगा २६ वर्षांचा, पुण्याला नोकरीला आहे. ईस्टरला घरी आला होता. मी मागच्या दारी पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजत होते. तिथे येऊन बसला आणि म्हणाला, ‘मम्मी, माझ्यासाठी मुली बघू नका. मी गे आहे.’ तेव्हापासून मिस्टर त्याच्याशी बोलत नाहीत. मी आमच्या फादरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, प्रार्थना करा आणि चांगली मुलगी बघून लग्न उरकून टाका. जाऊबाईंना कुणी सांगितलंय की एक डॉक्टर इंजेक्शनं देऊन बरं करतात. मोबाइलवर एक जण म्हणतो पोपसाहेबांनी परवानगी दिली, दुसरा म्हणतो सगळा खोटा प्रचार. आता मुलगा चर्चलाच येत नाही म्हणतो. आमचं काय चुकलं? त्याने कम्युनियन (मिस्सातला ख्रिस्तप्रसाद) घ्यावं की नाही? लग्न लावून दिलं तर सुटेल का?
– एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीच्यांना वेळ आहे, याला नाही. लग्नसराई सुरू आहे. गल्लीतल्या बायका ‘आंडोरनं लगीन कवय शे?’ म्हणून विचारत असतील आणि तुम्हाला नाही म्हणायला जड जात असेल.

लग्नाने काही सुटणार नाही. जी मुलगी घरात आणाल, तिला हे सांगून आणणार आहात का? नसाल, तर आपल्या कॅथॉलिक चर्चचा कायदाच तुमच्या विरोधात आहे. कॅनन लॉचं १०९८ वं कलम पाहा. संसाराला मुळातून धक्का देईल अशी जोडीदाराची बाब होकार मिळवण्यासाठी मुद्दाम लपवली, तर ते लग्न वैधच ठरत नाही. लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात, कागद भरून घेतात, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी नावं वाचून ‘कुणाला अडचण माहीत असेल तर कळवा’ म्हणतात. ते काय हौस म्हणून? इथे तर अडचण खुद्द फादरांना माहीत आहे, आणि तेच लग्न लावा म्हणतात! धर्मगुरूंचा मान मी राखते, पण हा सल्ला त्यांनी मागे घ्यावा. पुढे ती पोरगी माहेरी परत येईल तेव्हा तिच्या आईचंही पत्र मलाच येईल.

इंजेक्शनवाल्या डॉक्टरकडे पाऊल टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले ‘बदलून देण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं स्पष्ट केलं. जाऊबाईंना सांगा, त्या डॉक्टरचं नाव कळलं तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

तुमचं काय चुकलं? काहीही नाही. हे माझ्या पदरचं नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांच्या कुटुंबविषयक समितीने अशाच आईबापांसाठी एक पत्र काढलं होतं. मुलाचा लैंगिक कल असा आहे म्हणून स्वतःला दोष देऊ नका, आणि त्याच्यावरचं प्रेम त्याला दिसत राहील असं वागा, हे त्यात लिहिलंय. बिशप काही बंडखोर नव्हते. शरीरसंबंधांबद्दलची शिकवण त्यांनी जागची हलवली नाही.

कम्युनियनचं. चर्चच्या शिकवणीत कल आणि कृती वेगळ्या धरल्या आहेत. कल असणं हे पाप नाही. गंभीर पाप मनाला टोचत असेल तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपाशी पापाची कबुली, मग कम्युनियन, हा नियम तुम्हाला, मला आणि त्याला एकच. त्याने तुम्हाला तो कोण आहे ते सांगितलं. पुण्यात काय करतो ते सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारूही नका. ते तो आणि त्याचा कन्फेशन ऐकणारा फादर बघतील. आपल्या भागात दामदुप्पट व्याज लावणारे पहिल्या बाकावर बसतात. त्यांना वेदीपाशी कुणी अडवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मोबाइलवरच्या दोघांनी मूळ कागद वाचलेला दिसत नाही. १८ डिसेंबर २०२३ ला पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने एक जाहीरनामा निघाला. समलिंगी जोडप्याने आशीर्वाद मागितला तर फादर तो देऊ शकतात, पण छोटासा, उपासनाविधीबाहेरचा, आणि लग्नाचा भास होईल असं काही त्यात नको. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ही शिकवण तशीच ठेवली. तेवढ्यावरही आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी ‘आमच्याकडे हे होणार नाही’ म्हणून कळवलं. तुमच्या मुलाने तर आशीर्वादही मागितलेला नाही, नुसतं सांगितलंय.

आणखी एक, जरा कडू. त्याने तुम्हाला सांगितलं होतं. फादरांना आणि जाऊबाईंना तुम्ही त्याला विचारून सांगितलंत का? चर्चला न येण्याचं कारण तिथेच असू शकतं. यापुढे कुणाला सांगायचं ते त्याला ठरवू द्या.

मिस्टरांकडून मोठ्या बोलण्याची अपेक्षा इतक्यात धरू नका. जन्म रेल्वेत गेलेल्या माणसाच्या हातात फोन द्या. ‘कुठल्या गाडीने येतोस, रिझर्व्हेशन झालं का’ एवढंच विचारू देत.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की गे-लेस्बियन लोकांसाठी आपल्या धर्मग्रामातही (चर्चच्या हद्दीतही) काही काम व्हायला हवं. अमेरिकेत अशी ‘मिनिस्ट्री’, म्हणजे सेवाकार्य, चालवणाऱ्या सिस्टर-फादरांवर रोमने (व्हॅटिकनने) १९९९ मध्ये कायमची बंदी घातली, हे तुम्ही का लिहिलं नाही? पाप ते पाप. हे खूळ खानदेशात कशाला?
– पॅरिश कौन्सिलचा एक सभासद, चाळीसगाव

उत्तर : बंदीचं तुमचं म्हणणं खरं आहे. घ्या, सगळंच लिहिते.

सिस्टर जनीन ग्रॅमिक १९७१ मध्ये फिलाडेल्फियात गणित शिकत होत्या. एका गे तरुणाने त्यांना विचारलं, आमच्यासारख्यांसाठी चर्च काय करतंय? उत्तर देता येईना म्हणून त्या कामाला लागल्या. १९७७ मध्ये फादर रॉबर्ट न्यूजेंट यांच्याबरोबर त्यांनी ‘न्यू वेज मिनिस्ट्री’ काढली. रोमचा आक्षेप त्यांनी माणसांना भेटण्यावर नव्हता. समलैंगिक संबंध मुळातच वाईट आहेत ही शिकवण ते दोघं निःसंदिग्धपणे मांडत नाहीत, हा होता. ही शिकवण स्वतःला मान्य आहे, असं दोघांकडून स्पष्ट मागितलं. सिस्टरांनी वैयक्तिक मत सांगायला नकार दिला, फादरांचा मजकूर पुरेसा वाटला नाही, आणि बंदी आली. फादरांनी ती पाळली. सिस्टर दुसऱ्या धर्मसंघात गेल्या आणि काम चालूच ठेवलं.

आता तुम्ही न लिहिलेलं. रोमचा पाठिंबा असलेलीही एक सेवा आहे, ‘करेज’. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डिनल कुक यांच्या पुढाकाराने फादर जॉन हार्वे यांनी ती उभी केली. सभासदांनी ब्रह्मचर्याने राहावं, त्यासाठी एकमेकांना धरून राहावं, हा तिचा मार्ग. म्हणजे सेवा असावी की नसावी हा वादच नाही. ती कुठून सुरू करायची, यावर भांडण आहे. ‘करेज’ने कुणाला बळ मिळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण पोरगं दार ढकलून आत आलं की पहिल्याच दिवशी नियमावली हातात ठेवायची, हे मला पटत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना आधी पाणी विचारायची, दहा आज्ञा नंतर.

कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे नंतर पोप बेनेडिक्ट झालेले, यांच्या १९८६ च्या पत्राचा आधार तुमच्या बाजूचे लोक नेहमी घेतात. शिकवणीला विरोध करणाऱ्या संघटनांना थारा देऊ नका, असं त्यांनी लिहिलंच. त्याच पत्रात या लोकांवर शब्दाने किंवा कृतीने होणारा हिंस्र द्वेष निंद्य ठरवलाय. क्वायरच्या प्रॅक्टिसनंतर कंपाउंडमध्ये कुणाच्या चालण्याच्या नकला होतात, ते तुम्हीही बघत असाल. त्याला हे कलम लावा की.

आणि हे अमेरिकेपुरतं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीर सांगितलं होतं की समलिंगी माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलं नाही. पुढे २०१८ मध्ये कोर्टानेच प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला, आणि नेमक्या त्याच दिवशी पोप फ्रान्सिस सिस्टर ग्रॅमिकना व्हॅटिकनमध्ये भेटले. बंदीचा कागद काही कुणी फाडला नाही, पण भेट झाली. चर्चमध्ये वारं असं एकाच वेळी दोन्हीकडून वाहतं. रविवारच्या प्रवचनात ते कधी कळत नाही, म्हणून इथे लिहिते.

खानदेशात आपण कॅथॉलिक मूठभर. इथे कुणी ऑफिस थाटून पाटी लावणार नाही, आणि मी तसं मागितलंही नव्हतं. महिन्यातून एका शनिवारी हॉलशेजारची खोली उघडावी. ऐकून घेणारे एक फादर आणि समुपदेशन शिकलेल्या एक सिस्टर तिथे बसाव्यात. वरच्या पत्रातल्या आईला ‘लग्न उरकून टाका’पेक्षा बरं काही ऐकायला मिळावं. तुम्ही कौन्सिलवर आहात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हे घाला, विरोध करायचा तर तिथे उभं राहून करा, आणि काय ठरलं ते मला कळवा. पुढच्या अंकात छापते.