‘डेसिडरेटम’ वापरण्यापूर्वी

तुम्ही अनुवादाच्या मसुद्यात ‘डेसिडरेटम’ (desideratum) या इंग्रजी शब्दासाठी सरसकट ‘इच्छा’ लिहिले आहे. ते बदलावे, असे मी सुचवेन. हा शब्द इच्छेचा नसून इच्छिलेल्या वस्तूचा वाचक आहे, आणि ज्या लॅटिन क्रियापदापासून तो आला त्यात ‘हवेसे वाटणे’ याबरोबरच ‘उणीव भासणे’ हाही अर्थ आहे. म्हणून जे हवे आहे पण अद्याप हाती नाही, त्यालाच हा शब्द शोभतो. एखाद्या बोलीचा विश्वसनीय कोश नसेल, तर तो कोश अभ्यासकांच्या दृष्टीने डेसिडरेटम ठरतो. तो छापून झाला की हे नाव त्याला लावण्यात अर्थ उरत नाही.

संस्कृत येत असेल तर रचना चटकन उमगेल: ‘इष्’ धातूपासून ‘इष्टम्’ हे नपुंसकलिंगी रूप जसे होते, तसेच हेही कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे ‘इच्छिलेले’ अशा अर्थाचे क्रियापदापासून झालेले रूप आहे. याचे अनेकवचन ‘डेसिडराटा’. ‘डेटा’ हेही मुळात असेच लॅटिन अनेकवचन; तो आता एकवचनी सर्रास चालतो, परंतु ‘एक डेसिडराटा’ लिहिणे जाणकार वाचकाला खटकतेच. ग्रंथालये मिळवायच्या पुस्तकांची जी यादी ठेवतात, तिलाही हे अनेकवचनी नाव आहे.

‘आवश्यकता’ हा पर्यायही जपून वापरा, कारण आवश्यक गोष्टीवाचून काम अडते, डेसिडरेटमवाचून ते अडेलच असे नाही. मराठीत मी बहुधा ‘अभीष्ट’ लिहितो. अभाव ठळक करायचा असल्यास मात्र ‘उणीव भासणारी गोष्ट’ असे सरळ फोडून सांगतो.