घरातला जुना संगणक दुसऱ्याला देण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या घरी २०१४ साली घेतलेला, विंडोज १० असलेला डेस्कटॉप आहे. तो घरकामाला येणाऱ्या ताईंच्या दहावीतल्या मुलीला द्यायचा आहे. त्यावर कुटुंबाचे फोटो, विवरणपत्रे, आधार-पॅनच्या प्रती आणि माझ्या दिवंगत यजमानांनी श्रीलिपीत टंकलेले लेख आहेत. मुलगा म्हणतो, सगळे डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली की पुरे. दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्क काढून फोडून टाका. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. रिसायकल बिन रिकामी केल्यावर फाइलची नोंद तेवढी जाते. मजकूर हार्ड डिस्कवर तसाच राहतो आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फोटोरेकसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीने तो परत काढता येतो. उलट डिस्क फोडली, तर त्या मुलीच्या हाती निरुपयोगी डबा पडेल. साध्या हार्ड डिस्कवर सर्व जागा एकदा पूर्णपणे नव्याने लिहून काढली, तरी घरगुती माहितीसाठी ते पुरेसे असते.

मात्र पुसण्याची घाई करू नये. यजमानांच्या लेखांकडे आधी लक्ष द्यावे, कारण खरा धोका तिथे आहे. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या प्रणालींच्या जुन्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. त्यामुळे फाइल पेन ड्राइव्हवर सुखरूप उतरली, तरी तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर तिच्यात अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हेच दिसतात. म्हणून प्रत्येक लेख याच संगणकावर उघडावा, प्रिंटच्या यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून त्याची पीडीएफ करावी आणि मूळ फाइलही सोबत ठेवावी, म्हणजे पुढे सवडीने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणता येईल. जोडाक्षरे आणि रफार रूपांतरात बिघडतात; तेव्हा ताडून पाहण्यासाठी हीच पीडीएफ उपयोगी पडेल. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोणता लेख पूर्ण आणि कोणता कच्चा, हे आपल्याइतके कोणाला कळणार नाही. फोटो आणि कागदपत्रे यांच्यासह या सर्वांच्या दोन वेगळ्या ठिकाणी प्रती कराव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

त्यानंतर ब्राउझरमधून आणि ईमेलमधून बाहेर पडावे, साठवलेले पासवर्ड काढावेत. टॅली ही हिशेबाची प्रणाली वापरत असाल तर तिचा परवाना आधी ‘सरेंडर’ करावा, नाहीतर नव्या संगणकावर तो सुरू करताना अडचण येते.

आता पुसणे. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘रिकव्हरी’ आणि तिथे ‘रीसेट धिस पीसी’ उघडून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’ असा लहान अक्षरांतला दुवा दिसतो. तो बहुतेक जण ओलांडून जातात आणि तिथेच चूक होते. त्याखाली ‘क्लीन डेटा’ चालू करावे, तसेच सर्व ड्राइव्हवरच्या फाइल काढण्याचा पर्यायही चालू करावा, कारण आपल्याकडे डिस्कचे सी आणि डी असे भाग करण्याची पद्धत आहे आणि फोटो बहुधा डी भागात असतात. बाहेरची हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह त्याआधी काढून ठेवावेत. या कामाला कित्येक तास लागू शकतात. वीज जाण्याचा संभव असेल त्या दिवशी सुरुवात करू नये.

मध्यंतरी कोणी साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवून दिली असेल, तर तिच्यावर नव्याने लिहून पुसण्याचा भरवसा धरता येत नाही, कारण ती लिहिण्याची जागा स्वतः बदलत राहते. तिच्यासाठी निर्मात्या कंपनीच्या साधनातली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरावी. ती विंडोजही पुसते, म्हणून तेही पुन्हा बसवावे लागेल.

विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि इतक्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सर्व पुसल्यावर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक चालवणारी प्रणाली बसवून द्यावी, हे मला अधिक योग्य वाटते. त्यात ब्राउझर असतो, लेखन आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस असते आणि युनिकोड मराठीही टंकता येते. खाते आणि पासवर्ड मात्र त्या मुलीलाच तिच्या नावाने तयार करू द्यावा.