मसाजने मान आणि मन खरंच मोकळं होतं का?

तुम्ही विचारलंय की दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान आखडते, रात्री झोप लागत नाही, घरचे मसाज घ्यायला सांगतात. त्याने शरीराला आणि मनाला खरंच काही होतं, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं?

होतं, आणि बऱ्याचदा तेवढ्यापुरतंच होतं. त्या तेवढ्या वेळात तुम्ही काय करता, ते महत्त्वाचं. मी सांगलीत फिजिओथेरपी करतो. त्याआधी बरीच वर्षं तालमीत अंग रगडून घेतलंय, दुसऱ्यांचंही रगडलंय. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आमच्या जिल्ह्यात कुस्तीचं वेड मोठं. हिंदकेसरी मारुती माने इथल्याच कवठेपिरानचे. तालमीत मालीश ही चैन नसते, तो मेहनतीचाच भाग असतो. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, घाम निवला की पोरं एकमेकांचं अंग चोळायला बसतात. गडी पालथा झोपतो. कोमट तेल लावून तळहाताचा मनगटाकडचा भाग त्याच्या पोटरीवर टाचेकडून गुडघ्याकडे सरकवत न्यायचा. आधी हलका, मग हळूहळू वजन टाकत. सुरुवातीला पोटरी दगडासारखी लागते. थोड्या वेळाने ती सैल पडलेली हाताला कळते. गड्याचं बोलणं थांबतं, श्वास लांब होतो, कधी कधी तो तिथंच घोरायला लागतो.

मालीशने मेहनतीत स्नायूंत तयार झालेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, असं आम्हाला सांगायचे. ते काही खरं नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते आपोआप उतरतं. 'टॉक्सिन बाहेर पडतात' ही तर निव्वळ जाहिरात, त्यासाठी पैसे देऊ नका. काम होतं ते मुख्यतः मज्जासंस्थेत. कोपर कुठं आपटलं की आपण लगेच ते चोळतो ना? स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत पोचल्या की दुखण्याचे संदेश तिथंच थोडे अडतात. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी ही कल्पना १९६५ साली मांडली. शिवाय संथ, एकसारख्या दाबाने नाडी मंदावते, रक्तदाब जरा उतरतो, ताठलेले स्नायू सुटतात. मनाचा फायदा इथूनच सुरू होतो. काळजी, धडधड, बेचैनी कमी होणं हा मसाजचा अभ्यासांत वारंवार दिसलेला परिणाम आहे, आणि बेचैनी उतरली की झोपही येते. पण नैराश्य असेल तर डॉक्टरांचे उपचार चालूच ठेवायचे. मसाज त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी नाही.

दुखण्याचं म्हणाल तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायचे उपाय सांगितले. त्यांत शेकाबरोबर मसाजही आहे. आराम मात्र थोड्या दिवसांचा.

माझ्याकडे तासगाव भागातल्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका येतात. मण्यांची विरळणी करताना तासन् तास हात वर आणि मान मागे. त्यातल्या एकीला मान वळवून मागचं दिसत नव्हतं, अख्खी वळायची. खांद्याच्या वरच्या बाजूला आणि कवटीच्या खाली दहा मिनिटं हात फिरवल्यावर मान बरीच वळली. तेवढ्यावर घरी पाठवलं असतं तर दोन दिवसांत पुन्हा तेच. म्हणून लगेच, मान मोकळी असतानाच, हनुवटी मागे ओढण्याचे आणि खांद्याची पाती जवळ आणण्याचे व्यायाम करून घेतले, आणि रोज बागेतच करायला लावले. तिचा फरक टिकला तो त्यामुळे. तुमच्या बाबतीतही मी हेच म्हणेन. मसाज जरूर घ्या, पण त्याच दिवशी व्यायाम सुरू करा, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर आणा, अर्ध्या-पाऊण तासाने उठा. रात्री घरात कुणी खोबरेल घेऊन मान-खांदे आणि तळपाय चोळून दिले तरी पुष्कळ. काशाची वाटी असेल तर तळपायाला तीही छान.

जोराचं म्हणजे चांगलं, हा समज सोडा. चोळताना श्वास रोखून दात खावे लागत असतील तर स्नायू उलट आणखी आवळतो. 'जरा हळू' असं खुशाल सांगा. मानेला झटका देऊन कटकन वाजवायला कुणी निघालं तर स्पष्ट नाही म्हणा.

काही वेळा मसाज करूच नये. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते आणि दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ताप, ताजी दुखापत, जखम किंवा पुरळ असेल तर थांबा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना गरम तेल लावू नका, भाजलेलं कळत नाही. आणि मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर मसाजवाल्याकडे न जाता आधी हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा.