रोमन सम्राटांचं 'सॉलिडस' हे सोन्याचं नाणं सातशे वर्षं कसं टिकलं?

थोडक्यात सांगायचं तर वजन आणि कस, दोन्हींत कुणी हात मारला नाही म्हणून.

तिसऱ्या शतकात रोमन चांदीच्या नाण्यांत चांदी नावापुरतीच उरली होती. सम्राट डायोक्लेशियनने एका रोमन पौंडात 60 सोन्याची नाणी पाडली, पण घडी बसली ती सम्राट कॉन्स्टंटाइनमुळे. त्याने साधारण 309 पासून पौंडात 72 हे प्रमाण धरलं. म्हणजे एक नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं, आपल्या अर्ध्या तोळ्यालाही कमी.

मला सगळ्यात आवडते ती व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या सम्राट भावांची युक्ती. खोटी, हिणकस नाणी करातून खजिन्यात शिरत होती. त्यांनी 367 च्या सुमारास हुकूम काढला की, करात आलेली नाणी आधी वितळवा, शुद्ध करा, मग पाठवा. त्यानंतरच्या नाण्याची मागची बाजू पाहा. अगदी तळाशी बारीक अक्षरं दिसतील: 'सी ओ एन ओ बी'. पहिली तीन कॉन्स्टंटिनोपल या राजधानीची. उरलेली 'ओबी' म्हणजे शुद्ध केलेलं सोनं. शिवाय ग्रीक लोक अक्षरंच आकडे म्हणून वापरत, त्या हिशेबात 'ओबी' म्हणजे 72, पौंडातल्या नाण्यांइतकेच! दोन अक्षरांत कस आणि वजन दोन्हींची हमी.

हे सॉलिडस आणि त्यांच्या स्थानिक नकला दक्षिण भारतातही सापडल्यात. कित्येकांना भोकं पाडलेली आहेत, गळ्यात घालण्यासाठी.

खरी घसरण अकराव्या शतकात सुरू झाली, बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट सोन्यात हीण मिसळू लागले तेव्हा.