स्वतःची पायथॉन लायब्ररी विंडोजवर सापडते, लिनक्सवर का सापडत नाही?

प्रश्न : हिशेबाला लागणारी काही फंक्शने मी पायथॉनमध्ये लिहून 'कॉमन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत. स्क्रिप्टच्या आरंभी त्या फोल्डरचा पत्ता सिस.पाथमध्ये जोडला की विंडोजवर सर्व सुरळीत चालते. लिनक्सच्या सर्व्हरवर मात्र 'मॉड्यूल नॉट फाउंड' ही एरर येते. दोन्हीकडे चालेल अशी एकच स्क्रिप्ट लिहिता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : निश्चित लिहिता येईल. इम्पोर्टची ओळ आली की पायथॉन सिस.पाथ या यादीतील फोल्डर क्रमाने तपासते, आणि त्यांपैकी एखादा अस्तित्वातच नसेल तर चकार शब्द न काढता पुढच्याकडे वळते. त्यामुळे चूक पत्त्यात असूनही तक्रार मॉड्यूलची दिसते. म्हणून आधी सर्व्हरवर सिस.पाथ छापून पाहावे.

'सी' ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता लिनक्सवर निरर्थक ठरतो, हे उघड आहे. परंतु नुसते 'कॉमन' एवढेच लिहिणेही धोक्याचे, कारण तो पत्ता स्क्रिप्टच्या जागेपासून नव्हे, तर ती चालवताना आपण ज्या फोल्डरमध्ये असतो तिथून मोजला जातो. हाताने चालवताना हे लक्षात येत नाही. तीच स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर) लावली की ती सहसा वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून सुरू होते आणि अडते.

यास्तव पत्ता स्क्रिप्टच्या फाइलवरूनच काढावा. पायथॉन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्यासाठी पाथलिब हे पत्ते हाताळणारे मॉड्यूल पायथॉनसोबतच उपलब्ध आहे: 'पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट / "कॉमन"' एवढे लिहिले की तिरप्या रेघेची दिशाही ज्या त्या सिस्टिमप्रमाणे आपोआप ठरते. मात्र हे उत्तर सिस.पाथमध्ये घालण्यापूर्वी एसटीआर हे फंक्शन वापरून त्याची स्ट्रिंग (साधा मजकूर) करणे आवश्यक आहे, कारण इम्पोर्टच्या वेळी स्ट्रिंग नसलेली नोंद विचारातच घेतली जात नाही.

दुसरी शंका इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठेपणाची. मॉड्यूलच्या नावात पायथॉन हा भेद विंडोजवरही पाळते. फोल्डरच्या पत्त्यात मात्र विंडोज सहसा तो दुर्लक्षिते आणि लिनक्स सहसा पाळते. सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवावीत, असा आमचा आग्रह आहे. सिस.पाथमध्ये बाहेरून पत्ते जोडणारे पायथॉनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये नोंदवलेली सेटिंग) वापरत असाल, तर त्यातील पत्ते विंडोजवर अर्धविरामाने आणि लिनक्स व मॅकवर अपूर्णविरामाने वेगळे करावे लागतात.

एकाहून अधिक स्क्रिप्ट ही लायब्ररी वापरणार असतील, तर प्रत्येकीत पत्ता जोडत बसू नये. पायप्रोजेक्ट.टॉमल ही फाइल लिहून लायब्ररीचे पॅकेज करावे आणि प्रत्येक यंत्रावर ते पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) इन्स्टॉल करावे; मग सिस.पाथला हात लावण्याची गरजच उरत नाही. लायब्ररीत सी भाषेत लिहून कंपाइल केलेला भाग असेल, तर तो प्रत्येक सिस्टिमसाठी स्वतंत्रपणे कंपाइल करावा लागेल.