ओलीस कोणाला म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘डॉन’ (१९८७) या विज्ञान-कादंबरीत ओअन्काली नावाचे परग्रहवासी लिलिथला यानात डांबून ठेवतात आणि पुढे तिचा त्यांच्यावर जीव जडतो. इथे ‘ओलिसाला स्टॉकहोम सिंड्रोम झाला’, म्हणजे डांबणाऱ्याचीच ओढ लागली, असं म्हणावं का? आणि ओलीस की ओलिस?

लिलिथ ओलीस नाहीच. डांबलेल्या प्रत्येकाला ओलीस म्हणायची सवय बातम्यांनी लावली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. कैदेत टाकतात ते बहुधा त्या माणसाने स्वतः काही केलं म्हणून. ओलीस ठेवतात ते दुसऱ्या कोणी काही करावं किंवा करू नये म्हणून. १७०७ मध्ये मोगलांनी शाहूंना सोडलं, येसूबाईंना मात्र मागे ठेवून घेतलं. त्या सुटल्या १७१९ मध्ये. हे खरं ओलीस राहणं.

शब्दातच हे आहे. जुन्या हिंदीत ‘ओल’ म्हणजे तारण, जामीन. माझ्या मते आपला ‘ओलीस’ हा याच स्त्रीलिंगी ‘ओल’चा चतुर्थीचा प्रयोग: भिंत–भिंतीस, तशी ओल–ओलीस. म्हणून तर आपण ओलीस ‘ठेवतो’, ओलीस ‘राहतो’. पुढे ‘स’ हा प्रत्यय आहे हेच विसरलं गेलं, अख्खा शब्द नाम झाला आणि ‘ओलिसांना’ म्हणताना आपण प्रत्ययावर प्रत्यय चढवू लागलो! याचा संबंध मायेच्या ओलाव्याशी जोडणारी मंडळी आहेत. त्यांनी एकदा ‘ठेवणे’ या क्रियापदाचा खुलासा करावा. ओलावा कोणी कोणाकडे ठेवत नाही, तारण ठेवतात.

आता स्टॉकहोम, जिथून या सिंड्रोमला नाव मिळालं. ऑगस्ट १९७३, नॉरमाल्मस्टोर्ग चौकातली बँक. दरोडेखोराने तीस लाख क्रोनर आणि तुरुंगातल्या एका साथीदाराची सुटका मागितली. तिथले कर्मचारी शब्दशः ओलीस होते. तिजोरीच्या छताला भोकं पाडणाऱ्या पोलिसांचीच त्यांना जास्त भीती वाटू लागली; एकीने तर थेट पंतप्रधान पाल्मे यांना फोन करून आम्हाला दरोडेखोरांबरोबर जाऊ द्या म्हणून सांगितलं. म्हणजे या ओढीलाही तिसरा पक्ष लागतो: ज्याने सोडवायचं, तोच धोका वाटू लागतो.

लिलिथच्या बाबतीत तिसरा पक्षच नाही. अणुयुद्धात माणसं जवळजवळ संपलेली. तिच्या बदल्यात काही मागावं असं कोणी उरलेलं नाही. ती लिहायला कागद मागते, तर तोही नाकारतात. नंतर ऊलोई या त्यांच्या तिसऱ्या लिंगाशी ती शरीरातल्या रसायनांनीच बांधली जाते, आणि तिने जागी केलेली माणसं तिलाच फितूर ठरवतात. याला ‘लळा’ म्हणा. लळा ज्याच्या हातून खातो त्याचा लागतो आणि त्यात पाळणारा वरचढच असतो. मला याहून नेमका शब्द दिसत नाही.

लिहिताना ‘ओलीस’ दीर्घ. सामान्यरूपात ऱ्हस्व, ‘ओलिसाला’, गरीब–गरिबाला तसं. लिलिथला ‘बंदी’ म्हणा.